बाबांच्या आयसीयूच्या वहीतले आकडे: लॅक्टेट, प्रोकॅल्सिटोनिन आणि "वाचतील का?"

नदीकाठ
१० सप्टेंबर, रात्री ९:४०

बाबांना जाऊन परवा वर्ष होईल. वय ७१, मधुमेह वीस वर्षांचा, तरी सकाळी उसाच्या फडाला चक्कर मारून आल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. लघवीचं इन्फेक्शन झालं, दोन दिवस हुडहुडी भरून ताप आला, गोळ्या चालू होत्या. तिसऱ्या दिवशी पहाटे ते मला आत्याच्या नावाने हाका मारायला लागले. मिरजेला पोचलो तेव्हा वरचा रक्तदाब ८० होता. पुढचे अकरा दिवस आयसीयू.

त्या अकरा दिवसांत मी एक वही केली. संध्याकाळी डॉक्टर नातेवाइकांना आत बोलवायचे, ते जे सांगतील ते लिहायचे आणि रिपोर्टचे फोटो बघून आकडे उतरवून घ्यायचे. ती वही काल पहिल्यांदा उघडली.

लॅक्टेट पहिल्या चार दिवसांत ५.२, ३.८, २.१, १.७. प्रोकॅल्सिटोनिन पहिल्या दिवशी ४२, तिसऱ्या दिवशी १९, पाचव्या दिवशी ६, सातव्या दिवशी ३.८. सीआरपी, म्हणजे शरीरातल्या दाहाची तपासणी, २८६ वरून ९० वर आलेला. सगळं उतरत होतं. मी रोज रात्री घरच्या ग्रुपवर हे आकडे टाकायचे आणि सगळे हात जोडायचे. पाचव्या दिवशी "इन्फेक्शन कंट्रोलमध्ये येतंय" असं ऐकून आईने नरसोबाच्या वाडीला नवस बोलला.

अकराव्या दिवशी बाबा गेले.

मला कुणावर राग काढायचा नाही. डॉक्टरांनी, सिस्टरनी खूप केलं. मला फक्त समजून घ्यायचंय. आकडे उतरत असताना माणूस जातो कसा? की आम्ही भलत्याच आकड्याकडे डोळे लावून बसलो होतो? इथे वैद्यकातले लोक आहेत, म्हणून लिहिलं.

अतिदक्ष
१० सप्टेंबर, रात्री ११:२५

ताई, मी आयसीयूत काम करतो, पंधरा वर्षं झाली. तुमच्या वहीतले आकडे वाचताना तुमचे डॉक्टर त्या दिवसांत काय विचार करत असतील ते बरंचसं दिसलं. सविस्तर लिहितो.

लॅक्टेट आणि प्रोकॅल्सिटोनिन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. लॅक्टेट म्हणजे पेशींवर किती ताण आहे त्याची खूण. रक्तदाब कोसळला, पेशींपर्यंत रक्त नीट पोचेना, की ते वाढतं. शिवाय अशा वेळी शरीर स्वतःच भरपूर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, त्यानेही वाढतं, आणि यकृत मंदावलं तर साचतं. २०१६ साली सेप्सिसची (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल उत्तराने अवयव बिघडणं) जी नवी व्याख्या झाली, तिच्यात सेप्टिक शॉक कशाला म्हणायचं? पुरेसं सलाईन देऊनही रक्तदाब टिकवायला औषध लागतंय आणि लॅक्टेट २ च्या वर आहे, त्याला. अशा रुग्णांत दगावण्याचं प्रमाण ४० टक्क्यांहून जास्त. बाबा ५.२ घेऊन आले, म्हणजे पहिल्या तासापासून ते या गटात होते. हे वाचायला कठीण जाईल, तरी लिहितोय, कारण तुम्ही खरं विचारलंय.

प्रोकॅल्सिटोनिन हे शरीराने जंतूला दिलेलं उत्तर. एरवी ते थायरॉईडमध्ये तयार होतं आणि रक्तात जवळजवळ सापडत नाही. जिवाणूंचा मोठा हल्ला झाला की यकृतासकट सगळीकडच्या पेशी ते सोडायला लागतात. चार-सहा तासांत चढतं. जंतू आटोक्यात आले की साधारण दर दिवसाला निम्मं होतं. तुमचे ४२, १९, ६ सांगतात की लघवीतल्या त्या जंतूवर अँटिबायोटिक बरोबर लागू पडलं होतं. ती बातमी खरी होती. तुम्हाला कुणी खोटा दिलासा दिला नाही.

पण सेप्सिसमध्ये माणूस बहुतेक वेळा जंतूमुळे थेट जात नाही. जंतूशी लढताना शरीराने जो गोंधळ घातलेला असतो, त्यात एकेक अवयव बंद पडतो आणि त्यामुळे जातो. जंतू गेला तरी ते नुकसान मागे राहतं. म्हणून आता मला वहीतली दुसरी पानं बघायची आहेत. प्लेटलेट, बिलिरुबिन (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि ऑक्सिजनचे आकडे लिहिले आहेत का? पहिला दिवस आणि पाचवा दिवस पुरे.

चाफा
११ सप्टेंबर, पहाटे ४:१०

मध्येच लिहितेय, माफ करा. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून हा धागा सापडला. आई, वय ६३. पित्तनलिकेत खडा अडकून आतमध्ये पू झालाय असं सांगितलं. काल दुपारी आणलं. प्रोकॅल्सिटोनिन ३८ आलंय, लॅक्टेट ३.४, प्लेटलेट ७२ हजार. रिपोर्टवर प्रोकॅल्सिटोनिनच्या पुढे "सेप्सिसची दाट शक्यता" असं छापलंय. नॉर्मल ०.५ च्या खाली लिहिलंय. म्हणजे आईचं शहात्तर पट आहे. ती वाचेल का?

रात्रपाळी
११ सप्टेंबर, पहाटे ४:३०

चाफा, मी सिस्टर आहे, आत्ता ड्युटीवरच आहे, माझ्या वॉर्डात. आधी काहीतरी खाऊन घे.

३८ म्हणजे ७६ पट वाईट असं नसतं गं. पित्ताच्या पूमध्ये पहिल्या दिवशी शंभरच्या वर गेलेले पेशंट मी स्वतः चालत घरी जाताना बघितलेत. पू काढायचं कधी ठरलंय ते विचार. सकाळी डॉक्टर अतिदक्ष लिहितीलच.

अतिदक्ष
११ सप्टेंबर, सकाळी ७:०५

चाफा, रात्रपाळी ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. तुमच्या आईच्या बाबतीत आज सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे अडकलेली नळी मोकळी करणं. दुर्बिणीतून पित्तनलिकेत स्टेंट टाकतात, किंवा बाहेरून सुईने नळी घालून पू काढतात. ते होईपर्यंत नुसत्या अँटिबायोटिकने हे आकडे नीट उतरणार नाहीत. वेळ ठरली नसेल तर नम्रपणे पण नक्की विचारा.

पहिल्या दिवसाच्या आकड्यावरून भविष्य सांगता येत नाही. पहिला आकडा सांगतो की आग केवढी लागलीय. दुसरा, तिसरा, चौथा सांगतो की ती विझतेय का. तुम्हाला एक करता येईल: रोज संध्याकाळी डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा. रक्तदाब टिकवायच्या औषधाचा डोस कालच्यापेक्षा कमी की जास्त? लघवी ताशी किती होतेय? ऑक्सिजन किती लागतोय? हे तीन प्रश्न कुठल्याही महागड्या तपासणीपेक्षा जास्त सांगतात.

नदीकाठ
११ सप्टेंबर, सकाळी ८:५०

चाफा, तुझ्या आईसाठी मनापासून प्रार्थना.

डॉक्टर, पानं काढली. पहिला दिवस: प्लेटलेट ७८ हजार, बिलिरुबिन १.४, क्रिएटिनिन ३.१. एबीजीच्या (रक्तातल्या ऑक्सिजनच्या तपासणीच्या) कागदावर ऑक्सिजन ७८ आणि बाजूला पेनाने २८% लिहिलंय. रक्तदाबाचं औषध कमी डोसमध्ये चालू, थोडी बडबड. पाचवा दिवस: प्लेटलेट ५२ हजार, बिलिरुबिन ३.१, क्रिएटिनिन २.६. व्हेंटिलेटरवर, ऑक्सिजन ८४ आणि ५५%. रक्तदाबाचं औषध चालूच, डोस थोडा कमी. झोपेचं औषध होतं, त्यामुळे ते बोलत नव्हते.

अतिदक्ष
११ सप्टेंबर, दुपारी २:१५

ताई, मन घट्ट करून वाचा.

आमच्याकडे सोफा नावाचा एक स्कोअर असतो. फुप्फुस, रक्त, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंड या सहांना प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण २४. जितके जास्त तितकं वाईट. नॉरअ‍ॅड्रेनलिन, म्हणजे रक्तदाब टिकवायचं औषध, किलोला दर मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅमपर्यंत लागत असेल तर ३ गुण. बाबांचे पहिल्या दिवशीचे गुण तुमच्या आकड्यांवरून ११ येतात. पाचव्या दिवशी मेंदूचे गुण अजिबात धरले नाहीत, कारण झोपेचं औषध होतं, तरी १२ येतात.

म्हणजे पाच दिवसांत प्रोकॅल्सिटोनिन सातपट उतरलं, आणि अवयवांची बेरीज जागची हलली नाही. फुप्फुस जास्त बिघडलं, द्यावा लागणारा ऑक्सिजन २८% वरून ५५% झाला. यकृत बिघडलं. प्लेटलेट चढल्या नाहीत. माझं लक्ष सर्वात आधी प्लेटलेटकडे गेलं असतं. सेप्सिसमधून बाहेर येणाऱ्या माणसाच्या प्लेटलेट चौथ्या-पाचव्या दिवशी वळतात आणि चढायला लागतात. ज्यांच्या वळत नाहीत त्यांची आम्हाला फार काळजी वाटते. ही तपासणी सीबीसी या साध्या रक्ततपासणीत येते, काही शे रुपयांत, आणि तालुक्याच्या लॅबमध्येही होते.

ब्रुसेल्सच्या एका आयसीयूतला ३५२ रुग्णांचा अभ्यास २००१ साली छापून आला होता. त्यात दिसलं की पहिला स्कोअर कितीही असो, ४८ तासांत तो वाढला तर निम्म्याहून जास्त रुग्ण जातात. अभ्यास जुना आहे, तेव्हापासून उपचार सुधारलेत, पण चढउताराकडे बघायची सवय आम्हाला त्यातून लागली.

सातव्या दिवसानंतर काय लिहिलंय?

नदीकाठ
११ सप्टेंबर, दुपारी ३:००

नवव्या दिवशी प्रोकॅल्सिटोनिन ५.१. म्हणजे ३.८ वरून परत वर. त्याच्या पुढे मी लिहिलंय, "छातीत नवीन न्यूमोनिया, क्लेबसिएला, औषध बदललं." मी ग्रुपवर तो आकडा टाकलाच नव्हता. "थोडंच वाढलंय" असं मनाशी म्हटलं होतं.

सूक्ष्मदर्शी
११ सप्टेंबर, रात्री ८:३०

मी लॅब चालवतो. तीस वर्षं नमुन्यांत गेली. नातेवाईक जेव्हा दोन रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरतात, तेव्हा अनेकदा दोष आकड्यात नसतो, एककात असतो. म्हणून काही गोष्टी सांगून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

सीआरपी काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दहापटीचा फरक. एका पेशंटला दुसऱ्या गावाहून हलवलं, तिकडे सीआरपी १८, आमच्याकडे १७६. मुलगा रडत आला की एका रात्रीत दहापट झालं. प्रत्यक्षात किंचित उतरलं होतं. लॅक्टेटचंही तसंच: मिलिमोल असेल तर २ हा उंबरठा, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर साधारण नऊने गुणायचं, म्हणजे १८.

लॅक्टेटचा नमुना फार हळवा. दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला, पेशंटला मूठ उघड-बंद करायला लावली, की स्थानिक वाढ होते. साध्या नळीत घेऊन ती टेबलावर पडून राहिली तर त्यातल्या रक्तपेशी साखर खात राहतात आणि लॅक्टेट वाढत जातं. म्हणून राखाडी झाकणाची फ्लोराईडची नळी, किंवा एबीजीचा नमुना लगेच मशीनवर. एकच आकडा एकदम उड्या मारताना दिसला आणि पेशंट तसाच असेल, तर नमुना परत घ्यायला सांगणं गैर नाही.

प्रोकॅल्सिटोनिन शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर आकडे तंतोतंत जुळत नाहीत. चढउतार बघायचा तर एकाच तराजूवर वजन करायला हवं.

चाफा
११ सप्टेंबर, रात्री १०:४५

आज दुपारी स्टेंट टाकला. डॉक्टर म्हणाले खूप पू आला. लॅक्टेट संध्याकाळी २.६. रक्तदाबाचं औषध अजून चालू, डोस तोच. लघवी कमी आहे, किडनीचे डॉक्टर बघून गेले. मी तिन्ही प्रश्न विचारले. डॉक्टरांनी बसवून दहा मिनिटं समजावलं. धन्यवाद.

सरासरी
१२ सप्टेंबर, सकाळी ९:२०

मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवतो. नदीकाठ ताईंच्या मूळ प्रश्नाला माझ्या बाजूनेही उत्तर देता येईल असं वाटलं.

२०१७ साली अमेरिकेतला मोझेस नावाचा अभ्यास आला. गंभीर सेप्सिसच्या रुग्णांमध्ये चौथ्या दिवसापर्यंत प्रोकॅल्सिटोनिन ८० टक्क्यांहून जास्त उतरलं की नाही हे पाहिलं. ज्यांचं उतरलं त्यांच्यात २८ दिवसांत साधारण १० टक्के गेले. ज्यांचं उतरलं नाही त्यांच्यात साधारण २० टक्के. दुप्पट! संशोधनाच्या भाषेत हा भक्कम निकाल आहे, आणि खरोखर आहेही.

आता तेच वाक्य बाकावर बसलेल्या माणसाच्या बाजूने वाचा. ज्यांचा आकडा नीट उतरला अशा दर शंभरांतले दहा तरी गेलेच. ज्यांचा उतरला नाही अशा शंभरांतले ऐंशी जगले. आकड्याने शंभर माणसांच्या दोन रांगा केल्या. तुमचे बाबा त्या रांगेत नेमके कुठे उभे आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. ते सांगण्याची ताकद त्या आकड्यात नव्हतीच, तुम्ही तो नीट वाचला असतात तरी.

गणित करून पाहिलं: ४२ वरून ६ म्हणजे ८६ टक्के उतार. बाबा चांगल्या रांगेत होते. त्या रांगेतल्या दहांपैकी ते एक झाले. त्यात तुमचं काही चुकलं नाही.

याच कारणाने "वाचायची शक्यता किती टक्के" या प्रश्नाला जबाबदार डॉक्टर चटकन आकडा देत नाहीत. त्यांच्याकडे असतो तो गटाचा आकडा, आणि तुम्ही विचारत असता एका माणसाबद्दल.

जुना वैद्य
१२ सप्टेंबर, सकाळी ११:००

सरासरी यांनी फार चांगले लिहिले. मी निवृत्त फिजिशियन. थोडा इतिहास सांगतो, कारण रक्तातून भविष्य वाचण्याची ही धडपड आजची नाही.

लॅक्टिक आम्ल प्रथम सापडले ते आंबलेल्या दुधात, १७८० साली, स्वीडनच्या शील या रसायनज्ञाला. आपल्या दह्यातले आम्ल तेच. पुढे १८४३ साली जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग येथे शेरर या वैद्याने मृत रुग्णांच्या रक्तात ते दाखवले. त्यात बाळंतज्वराने दगावलेल्या तरुण स्त्रिया होत्या. बाळंतज्वर म्हणजे सेप्सिसच. अँटिबायोटिक यायला शंभर वर्षे होती. उपाय हाती नसताना त्याने खूण मात्र शोधून ठेवली, याचे मला नेहमी नवल वाटते.

सीआरपी १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. प्रोकॅल्सिटोनिन आणि जंतुसंसर्गाचा संबंध १९९३ साली फ्रेंच संशोधकांनी मांडला. त्यानंतर मात्र पूरच आला. २०२० सालच्या एका आढाव्यात सेप्सिससाठी अभ्यासलेल्या २५८ खुणा मोजल्या गेल्या. त्यातल्या बहुतेक रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचल्याच नाहीत. त्याचे कारण साधे आहे. सेप्सिस हा एक आजार नाही. कोकणातल्या भातखाचरात लेप्टो झालेला तरुण, पोटात आतडे फुटलेली आजी आणि केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी उतरलेला मुलगा, तिघांनाही आपण सेप्सिस म्हणतो. एक खूण तिघांना कशी पुरेल?

आपल्याकडच्या पावसाळ्याचा इशारा वेगळा द्यायला हवा. फाल्सिपेरम मलेरियात प्रोकॅल्सिटोनिन खूप चढते, जिवाणू नसतानाही. लेप्टोतही चढते. डेंग्यूत प्लेटलेट खाली येतात, पण ती कथा निराळी. परदेशी पुस्तकातले उंबरठे ऑगस्टमधल्या गडचिरोलीला किंवा सिंधुदुर्गाला जसेच्या तसे लावू नयेत. मोठी शस्त्रक्रिया, भाजणे, गंभीर अपघात, मूत्रपिंड निकामी होणे, यांतही ते वाढलेले राहते. उलट लिव्हर सिरॉसिसच्या रुग्णात सीआरपी अपेक्षेइतके चढत नाही, कारण ते यकृतच बनवते.

सातासमुद्रा
१२ सप्टेंबर, दुपारी ४:४०

इंग्लंडमध्ये हॉस्पिटल फार्मासिस्ट आहे. माहेर साताऱ्याचं. या तपासण्यांचा सगळ्यात भक्कम उपयोग माझ्या मते भाकितात नाही, अँटिबायोटिक वेळेवर थांबवण्यात आहे, आणि तो मुद्दा धाग्यात अजून आला नाही.

नेदरलँड्समधल्या १५ आयसीयूंत सुमारे दीड हजार रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१६ साली छापली. प्रोकॅल्सिटोनिन ८० टक्के उतरलं किंवा ०.५ पर्यंत आलं की अँटिबायोटिक थांबवायचा सल्ला डॉक्टरांना द्यायचा. अँटिबायोटिकचे दिवस ७ वरून ५ झाले. मृत्यू वाढले नाहीत, उलट २५ टक्क्यांच्या जागी २० टक्के. इथे ब्रिटनमध्ये ४१ आयसीयूंत २,७६० रुग्णांवर तशीच चाचणी झाली, तिचा निकाल २०२४ च्या डिसेंबरात आला. प्रोकॅल्सिटोनिनच्या गटात अँटिबायोटिक जवळजवळ एक दिवस कमी लागलं आणि मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. सीआरपीच्या गटात दिवस कमी झालेच नाहीत.

उलट बाजूही सांगते. डेन्मार्कमध्ये १,२०० रुग्णांवर असं करून पाहिलं की प्रोकॅल्सिटोनिन चढलं की आणखी जड अँटिबायोटिक जोडायचं. एकही जास्तीचा माणूस वाचला नाही. रुग्ण आयसीयूत जास्त दिवस राहिले, व्हेंटिलेटरवर जास्त राहिले. म्हणून २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात लिहिलंय की अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे या तपासणीवर ठरवू नका, थांबवताना तिची मदत घ्या. सेप्टिक शॉकची शंका आली तर अँटिबायोटिक तासाभरात गेलं पाहिजे. रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही.

नदीकाठ, बाबांना शेवटी जो क्लेबसिएला झाला, तसले जंतू औषधांना दाद देईनासे का झाले, याचं मूळही अँटिबायोटिकच्या अतिवापरातच आहे. म्हणून मला हा वाचलेला एकेक दिवस इतका मोलाचा वाटतो.

नदीकाठ
१२ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

आज वर्षश्राद्ध होतं. पाहुणे गेले आणि तुम्हा सगळ्यांचं सलग वाचलं. सरासरी, तुमचं "दहांपैकी ते एक" मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे मी नवस उशिरा बोलले असं काही नाही ना?" वर्षभर ती हे मनात धरून बसली होती, हे मला आज कळलं.

एक विचारायचं होतं. आम्ही प्रोकॅल्सिटोनिनला दर वेळी २,२०० रुपये भरले, सहा वेळा. रोज करणं गरजेचं असतं का?

अतिदक्ष
१२ सप्टेंबर, रात्री १०:००

आईंना माझा नमस्कार सांगा. आणि नाही, त्यांनी काहीही उशिरा केलेलं नाही.

रोज गरज नसते. पहिल्या दिवशी एकदा, मग साधारण दोन-तीन दिवसांनी, आणि अँटिबायोटिक थांबवायचा विचार असेल तेव्हा. पैशाची ओढाताण असेल तर डॉक्टरांना उघड विचारा, "या आकड्याने उद्या उपचारात काय बदलेल?" काही बदलणार नसेल तर ती तपासणी टळू शकते. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

लॅक्टेट मात्र सुरुवातीला दर दोन-चार तासांनी लागू शकतं, कारण पहिल्या सहा तासांतले निर्णय त्यावर हलतात. तिथेही एक धडा आम्ही उशिरा शिकलो. लॅक्टेट खाली येईना म्हणून सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढवल्या तर फुप्फुसात पाणी होतं. यकृत मंद असेल, अ‍ॅड्रेनलिन चालू असेल, मधुमेहाचं मेटफॉर्मिन साचलं असेल, थायमिन (बी१ जीवनसत्त्व) कमी असेल, तर रक्त पुरेसं पोचत असूनही लॅक्टेट वर राहतं. त्या वेळी पेशंटचा हात हातात घेऊन बघायचं असतं. ते रात्रपाळी ताई माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

रात्रपाळी
१३ सप्टेंबर, पहाटे २:५०

सांगते. बोटाच्या टोकावर दहा सेकंद दाबून धरायचं, पांढरं होईल इतकं. सोडायचं आणि मोजायचं. तीन सेकंदांच्या आत रंग परत आला तर ठीक. चार, पाच, सहा लागले तर डॉक्टरला हाक मारायची. गुडघ्यांवर जाळीसारखे जांभळे डाग दिसतात का, तेही बघायचं.

आमच्या डॉक्टरांनी आम्हाला दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीबद्दल शिकवलं होतं, २०१९ ची. पाच देश, २८ आयसीयू, ४२४ पेशंट. अर्ध्यांचे उपचार लॅक्टेट बघून, अर्ध्यांचे हे बोट दाबून. बोटवाल्या गटात २८ दिवसांत ३४.९ टक्के गेले, लॅक्टेटवाल्यात ४३.४. डॉक्टर म्हणाले हा फरक गणितात पक्का सिद्ध होत नाही, थोडक्यात राहिला. पण बोट दाबणं लॅक्टेटपेक्षा वाईट ठरलं नाही, आणि सलाईनही कमी लागलं. मी आधी ग्रामीण रुग्णालयात होते, तिथे लॅक्टेटचं मशीनच नव्हतं. तेव्हा कुणी हे शिकवलं असतं तर काही पेशंट आधी पुढे पाठवले असते. ते चेहरे अजून आठवतात.

आणि घरच्यांसाठी: म्हातारं माणूस तापात असंबद्ध बोलायला लागलं, श्वास भरभर घ्यायला लागलं, दिवसभर लघवी झाली नाही, तर कुठल्याही रिपोर्टची वाट बघू नका, दवाखाना गाठा. नदीकाठ, तुझ्या बाबांनी तुला आत्याच्या नावाने हाक मारली ना, तीच पहिली खूण होती. तू त्याच दिवशी नेलंस.

चाफा
१४ सप्टेंबर, रात्री ११:३०

प्रोकॅल्सिटोनिन आज ९.५. म्हणजे ३८ वरून ७५ टक्के खाली. ८० नाही झालं. लॅक्टेट १.६. रक्तदाबाचं औषध कालच्या अर्ध्यावर. नदीकाठ ताईंचं वाचून मी प्लेटलेट मुद्दाम विचारल्या: ७२, ५८, ६१, आज ९४ हजार.

क्रिएटिनिन मात्र अजून ४.२ आहे. उद्या डायलिसिस करायचं का ते सकाळी लघवी बघून ठरवणार आहेत.

अतिदक्ष
१४ सप्टेंबर, रात्री ११:५०

७५ आणि ८० मधल्या फरकाची काळजी करू नका. नळी मोकळी झाली दुसऱ्या दिवशी, उतार तिथून मोजायचा. प्लेटलेट वळल्या, रक्तदाबाचं औषध अर्ध्यावर आलं, हे मला जास्त आवडलं. मूत्रपिंड सगळ्यांत शेवटी उठतं, त्याला वेळ द्यावा लागतो. डायलिसिस करावं लागलं तरी ते कायमचंच असेल असं समजू नका.

नदीकाठ
१५ सप्टेंबर, सकाळी ६:२०

चाफा, काही कळलं का?

चाफा
१५ सप्टेंबर, सकाळी ७:१५

आत्ताच आत जाऊन आले. आईने डोळे उघडले, खुणेने चष्मा मागितला. सिस्टर म्हणाल्या, सहा ते सात या तासात लघवी ३५ मिली झाली. हे चांगलं की वाईट?

रात्रपाळी
१५ सप्टेंबर, सकाळी ७:२०

आईचं वजन किती?

चाफा
१५ सप्टेंबर, सकाळी ७:२१

५८ किलो.

रात्रपाळी
१५ सप्टेंबर, सकाळी ७:२३

किलोला ताशी अर्धा मिली धरायचा, म्हणजे २९ हवी. त्याच्या वर आहे. आठच्या तासाचीही विचारून ठेव.